भांडं कोण रिकामं करणार? लालबागमधल्या एका खोलीचं प्रकरण

डिसेंबर २०२४ चा दुसरा आठवडा. पहाटे पावणेपाचला चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाच्या सामायिक संडासाच्या उंबऱ्यावर मावशी पडल्या. वय ७८. एवढ्या पहाटे उठायचं कारण साधं आहे. पाचला पाणी येतं, मग बादल्या, मग रांग. रांगेत उभं राहवत नाही म्हणून त्या रांगेच्या आधी जायच्या. बल्ब आठवडाभर गेलेला होता. तो कोणी लावायचा यावर गॅलरीत चर्चा झाली होती, असं नंतर कळलं.

मी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचा सभासद. बँकेतून निवृत्त झालो आणि इतरांचे फॉर्म भरण्याचं काम आपसूक गळ्यात पडलं. मावशींच्या बाबतीत डिसेंबर ते मे जे घडलं ते मी वहीत टिपत गेलो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पैशांचे आकडे आणि कागदांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

आधी थोडं मागचं. मावशींचे यजमान गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते परत कामावर गेलेच नाहीत. पुढे वॉचमनकी, थोडे दिवस भाजी, जे मिळेल ते. कामगारांची आजची निवृत्तिवेतन योजना लागू झाली १६ नोव्हेंबर १९९५ ला. तोवर त्यांना हजेरीपटावरून उतरून तेरा वर्षं झाली होती. ते २००९ मध्ये गेले तेव्हा मावशींच्या नावावर पेन्शन म्हणून एक रुपयाही नव्हता. संपानंतर घर चाललं ते मावशींच्या डब्यांवर. वीस-बावीस माणसांचं दोन वेळचं जेवण, तेही दहा बाय बाराच्या खोलीत. गिरणगावात अशा खानावळवाल्या बायका शेकड्यांनी होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मावशी त्यात कधी गेल्या नाहीत. "येळ खंय होतो?" एवढंच त्या म्हणतात. म्हणजे चाळीस वर्षं राबलेली ही बाई सरकारी हिशेबात कधी कामगार नव्हतीच.

मुलगा बदलापूरला, मुलगी कुडाळजवळच्या गावात.

रुग्णालयाचा भाग मी लवकर उरकतो, कारण तिथे व्यवस्था चालली. खुब्याचं हाड मोडलं होतं. असं ऑपरेशन दोन दिवसांत झालेलं बरं असतं. मावशींचं चौथ्या दिवशी झालं. अर्धा सांधा बदलला. केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान योजनेत घेतलं आहे. त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मावशींचं वय वंदना कार्ड खाटेवरच निघालं. अंगठा उमटेना, कारण आयुष्यभर भांडी घासून रेषा राहिल्या नव्हत्या. ओटीपी जात होता वारलेल्या यजमानांच्या बंद नंबरवर. शेवटी चेहरा दाखवून काम झालं. सांध्याचे पैसे पडले नाहीत. देशाने हे एक काम नीट केलं आहे आणि ते मोकळेपणाने म्हणायला हवं. वीस वर्षांपूर्वी अशा घरात मंगळसूत्र गहाण पडलं असतं, नाहीतर म्हातारी खाटेवरच राहिली असती.

नवव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. कार्डाच्या तळाशी निळ्या शाईत चार ओळी होत्या. खाली बसू नये. मांडी घालू नये. भारतीय पद्धतीचा संडास वापरू नये. दिवसातून तीन वेळा चालवावे.

शाळेत व्याकरणाच्या तासाला आम्हाला विचारायचे, वाक्यात कर्ता कोण? "चालवावे" म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने चालवायचं. कार्डावर कर्ता नव्हता. पुढच्या पाच महिन्यांत आम्ही तोच शोधत होतो.

खोली

चाळीतल्या चार पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मावशींना तिसऱ्या मजल्यावर चढवलं. लाकडी जिना, वळणावर दोन पायऱ्या झिजलेल्या. वर पोचल्यावर त्या पहिलं वाक्य बोलल्या, "आता माका खाली नेव नकात." पुढचे तीन महिने ते बहुतेक पाळलं गेलं. त्यामुळे फिजिओथेरपीच्या सहा खेपांपैकी दोनच झाल्या. पालिकेचा 'आपला दवाखाना' चालत सात मिनिटांवर आहे, पण सात मिनिटं मोजतात ती रस्त्यावरून. तिसऱ्या मजल्यावरून नाही.

चाळीतला संडास बसायचा, तोही गॅलरीच्या टोकाला. म्हणजे कार्डावरच्या तिसऱ्या ओळीने तो बाद झाला. उरली खोलीतली मोरी. संघाच्या कपाटात एक कमोड खुर्ची पडून होती. आमच्याच एका सभासदाची, तो गेल्यावर घरच्यांनी आणून दिलेली. ती मोरीजवळ ठेवली, तारेवर जुनी साडी लावून आडोसा केला. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा वस्तूंसाठी पासष्टीपुढच्यांना एकदाच ३,००० रुपये मिळतात. पण त्यासाठी अर्ज करून पैसे खात्यात येण्याची वाट बघावी लागते, आणि पोट वाट बघत नाही.

खुर्चीखाली एक भांडं असतं. या प्रकरणाचा सगळा गाभा त्या भांड्यात आहे. धोरणांवरच्या चर्चासत्रांत 'सन्मानाने वृद्धत्व' असे फलक लागलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या एकाही भाषणात भांडं आलेलं मला आठवत नाही. ते दिवसातून चार वेळा उचलून गॅलरीच्या टोकापर्यंत, दहा खोल्यांच्या दारांवरून न्यायचं, धुवायचं, परत आणायचं. ते कोणी न्यायचं?

मुलगी कुडाळहून आली आणि अकरा दिवस राहिली. तिची स्वतःची सासू अंथरुणात आहे. बाराव्या दिवशी ती डोळे पुसत गाडीत बसली. मुलगा वाईट नाही, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण अशा गोष्टीत वाचक लगेच खलनायक शोधतो. तो पाळ्यांमध्ये काम करतो, हाती सव्वीस हजार येतात. सून सकाळी सातची लोकल पकडते, घरी यायला आठ वाजतात. नातू दहावीला. बदलापूरच्या फ्लॅटमध्ये खुर्चीचा संडास आहे, लिफ्ट आहे, आणि बारा तास कुलूपबंद एकटेपण आहे. चाळीत निदान दार उघडं असतं.

दुसरी अडचण अस्सल मुंबईची. खोली पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे मोजून घेतलेली पण कागदोपत्री भाड्याची. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला कर भरणारी जुनी. पुनर्विकासाचं बोलणं चालू. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार वाजवी कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर घरमालक ताबा मागू शकतो. आजारपण हे वाजवी कारण ठरेल, पण ते सिद्ध करायला स्मॉल कॉजेस कोर्टाच्या पायऱ्या चढणार कोण? ज्या बाईला चाळीच्या पायऱ्या उतरवत नाहीत ती? मावशींची सगळी मिळकत म्हणजे ती खोली. त्या तिथून हलायला तयार नव्हत्या याला लोक हट्ट म्हणाले. मला त्यात शुद्ध व्यवहार दिसला.

ब्युरोतून आया विचारली. बारा तासांची दिवसपाळी, रोज आठशे. महिन्याला चोवीस हजार. मुलाच्या पगारातून लोकलचा पास तेवढा उरला असता.

कागद

मग आम्ही शासनाकडे वळलो. माझं आवडतं काम, कारण यात चिकाटी लागते आणि ती माझ्याकडे पेन्शनरासारखी भरपूर आहे.

राज्याची श्रावणबाळ योजना पासष्टीपुढच्या निराधारांसाठी आहे, महिना १,५०० रुपये. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,०००. म्हणजे महिन्याला १,७५०. लालबागमध्ये महिना पावणेदोन हजारांत अख्खं कुटुंब चालतं असं गृहीत धरणारी ही अट आहे. मावशींच्या रेशनकार्डावर मुलाचं आणि सुनेचं नाव अजून होतं, म्हणून त्यांचं उत्पन्न धरलं गेलं. नावं कमी करायला मुलाने बदलापूरला नवीन कार्ड काढायचं, त्यासाठी एक दिवस खाडा. मग उत्पन्नाचा दाखला, मग पुन्हा अर्ज. मे अखेरपर्यंत अर्ज 'प्रलंबित' होता.

इथे एक गंमत आहे, कडवट. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या बाईला हेच १,५०० रुपये मिळतात, आणि तिथे उत्पन्नाची मर्यादा आहे अडीच लाख. तळमजल्यावरच्या एक वहिनी ६४ वर्षांच्या आहेत. घरात दोघे कमावते, तरी त्यांना रक्कम येते. त्या पासष्टी ओलांडतील तेव्हा त्याच रकमेसाठी त्यांचं कुटुंब एकदम बारापट गरीब असावं लागेल. वय वाढलं की गरज वाढते हे आजीलाही कळतं. नियमात ते उलटं लिहिलंय.

केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन दारिद्र्यरेषेखालच्यांना. त्यातला केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयासाठी महिना २०० रुपये, ऐंशीपुढे ५००. हे दोनशे २००७ च्या सुमारास ठरले आणि तिथेच थांबले. तेव्हाचा वडापाव आणि आताचा, एवढा हिशेब पुरे. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात म्हातारपणी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा उल्लेख आहे, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असं म्हणून.

संघातल्या एका सभासदाने २००७ चा कायदा काढला: आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण. प्रांताच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज, वकिलाची भानगड नाही, नव्वद दिवसांत निकाल, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह. कायदा चांगला आहे. ज्यांच्या पोरांनी घर लिहून घेऊन हाकललं अशा दोघांना आमच्याच संघाने त्याचा आधार मिळवून दिला. पण मावशींसमोर विषय काढला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फाईल पिशवीत टाकली. या कायद्याची मांडणीच अशी आहे की म्हातारपणाचा प्रश्न म्हणजे कृतघ्न मुलगा. मुलगा कृतघ्न नसेल, नुसताच बारा तास कामावर असेल, तर न्यायाधिकरण काय आदेश देणार? पैसे द्यायला लावता येतात. दुपारी दोन वाजता लालबागला हजर राहायला लावता येत नाही.

दुसरीकडे काय करतात

मावशी जपानमध्ये पडल्या असत्या तर? हा प्रश्न चाळीच्या गॅलरीत हास्यास्पद वाटतो, तरी मी तो स्वतःला विचारला, कारण तिथे भांड्याला कायद्यात जागा आहे.

जपानने १ एप्रिल २००० पासून दीर्घकालीन काळजीचा विमा सक्तीचा केला. वयाच्या चाळिशीपासून प्रत्येकजण हप्ता भरतो. सेवेच्या खर्चातला अर्धा भाग हप्त्यांतून येतो, अर्धा करांतून. म्हातारा माणूस पडला की घरचे स्थानिक पालिकेकडे अर्ज करतात. एक माणूस घरी येऊन ७४ मुद्द्यांची तपासणी करतो. स्वतः उठता येतं का, कूस बदलता येते का, शौचाला मदत लागते का. तीस दिवसांत सात पायऱ्यांपैकी एक ठरते आणि त्याप्रमाणे महिन्याच्या सेवांची मर्यादा. मग काळजीचं वेळापत्रक आखणारा एक व्यवस्थापक येतो. घरात कठडे बसवायला, उंबरा काढायला दोन लाख येनपर्यंतचा खर्च धरला जातो. कमोड खुर्चीही यादीत आहे. आणि घरी येणाऱ्या मदतनिसाच्या कामांत शौचाची मदत स्पष्ट लिहिलेली आहे. वापरणाऱ्याने द्यायचे साधारण दहा टक्के, सधन असेल तर वीस-तीस. थोडक्यात, चौथ्या ओळीला तिथे कर्ता आहे.

फुकट काही नाही, हेही खरं. पासष्टीपुढच्यांचा सरासरी मासिक हप्ता सुरुवातीला २,९११ येन होता, तो आता ६,२२५ झाला आहे. मदतनिसांची टंचाई आहे. आणि जपान म्हातारा होण्याआधी श्रीमंत झाला. आपण तेवढं थांबू शकणार नाही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे १०.३८ कोटी होते, शंभरात साडेआठ. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीबरोबर २०२३ मध्ये काढलेल्या अहवालात २०५० साठीचा अंदाज आहे शंभरात वीसहून जास्त. आकडे मोजणारी संस्था हार्बर लाईनवर गोवंडीला उतरलं की आहे, आणि मोजलेली माणसं तिसऱ्या मजल्यांवर.

तेवढे पैसे नसतानाही काय जमतं याचं उदाहरण देशातच आहे. केरळने २००८ मध्ये उपशामक काळजीचं, म्हणजे बरं न होणाऱ्या दुखण्यातला त्रास कमी करण्याचं, धोरण केलं आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नर्स पाठवणं हे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कामात आणलं. नर्स जीपमधून येते, जखम धुते, नळी बदलते, घरच्यांना उचलायचं-वळवायचं शिकवते, सोबत गावातला एखादा स्वयंसेवक असतो. तिथे आधी कोझिकोडसारख्या ठिकाणी लोकांनीच हे काम उभं केलं होतं, सरकार मागून आलं. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो, पण त्यात सरकार मागून का होईना आलं, हे जास्त महत्त्वाचं.

मुंबईत घरोघर जाणारे पाय नाहीत असंही नाही. फेब्रुवारीत पालिकेची आरोग्यसेविका चाळीत आली होती. ताप? खोकला? अंगावर चट्टा? मावशींच्या दारातही विचारलं, नाही-नाही-नाही लिहिलं, दारावर खडूने खूण केली आणि पुढे गेली. आत साडीच्या आडोशाआड एक बाई सात आठवडे जवळजवळ खोलीबाहेर पडलेली नव्हती, पण सेविकेच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. केंद्राच्या प्राथमिक आरोग्य सेवांच्या यादीत वृद्धांची आणि उपशामक काळजी आहे. दारावर जाणाऱ्या बाईच्या हातात मात्र ती पोचलेली नाही. तिच्यावर अजून एक ओझं टाका असं मी म्हणत नाही. तिला आधीच्याच कामाचे धड पैसे मिळत नाहीत. रकाना वाढवायचा तर माणसं आणि मानधनही वाढवायला लागेल.

कर्ता

मुलगी गेल्यावर आम्ही गॅलरीतल्या बायकांची पाळी लावली. वहीत नावं, वार, वेळ. चहा, जेवण, औषधं, सगळं सुरळीत. पुरुषांनीही औषधं आणली, मावशींचं रक्त मी स्वतः तपासायला नेऊन दिलं. नऊ दिवसांत पाळी मोडली. भांडण झालं नाही. फक्त भांड्याच्या वेळेला प्रत्येकीच्या गॅसवर दूध उतू जायला लागलं. मी दोष देत नाही. मीही ते भांडं एकदाच उचललं, आणि तेव्हा मावशींनी तोंड भिंतीकडे केलं होतं. शरम त्यांना होती की मला, कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाणी पिणं कमी केलं. आठवड्यात लघवीला जळजळ आणि ताप. वहीत मी त्या दिवशी लाल शाईने लिहिलं आहे: फुकटची माया इथवरच.

मग पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंना विचारलं. त्या दोन घरी पोळ्या करतात. त्यांनी सरळ हिशेब केला. सकाळी एक तास, दुपारी अर्धा, संध्याकाळी एक. भांडं, अंघोळ, गॅलरीत चालवणं. महिना ३,५००. मुलाने दोन हजार कबूल केले, गल्लीतल्या गणपती मंडळाने दीड. पैसे ठरले आणि मावशींची मान वर झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. उपकार घेताना भिंतीकडे वळणारी बाई पगार देताना "लादी नीट पुस गो" असं सुनावू लागली. पाणी पुन्हा प्यायला लागली.

पाच महिन्यांचे मिळून साडेसतरा हजार. आयेच्या एका महिन्याहून कमी. एवढ्यात चौथी ओळ पाळली गेली. सहाव्या आठवड्यात वॉकर घेऊन तीन दारं, दहाव्यात गॅलरीचं टोक. फिजिओथेरपिस्टचे व्यायाम मुलीने कुडाळहून व्हिडिओ कॉलवर घेतले, रोज सात वाजता, स्वतःच्या सासूचं आवरून. तिची सेवाही कुठल्या खात्यात मांडली जात नाही.

हे प्रकरण यशस्वी म्हणून सांगू नये असं मला वाटतं. पोळ्यांच्या बाईंना रजा नाही, विमा नाही. माणसाला उचलताना स्वतःची कंबर कशी जपायची हे कोणी शिकवलेलं नाही. मार्चमध्ये त्यांची पाठ धरली तेव्हा चार दिवस पुन्हा सगळं कोलमडलं. मंडळाने पैसे दिले कारण मावशींनी तीस वर्षं मंडळाच्या पोरांना नैवेद्याचे मोदक करून घातले. ही त्यांची पुण्याई. सार्वजनिक व्यवस्था पुण्याईवर चालवता येत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की ऑपरेशनला पाच लाखांपर्यंतचं छत्र धरणारं सरकार डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांची औषधं देऊन हात काढून घेतं, आणि हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं खरं जगणं-मरणं सोळाव्या दिवसानंतर ठरतं. त्या काळासाठी वॉर्डात प्रशिक्षित, पगारी बाया-बाप्ये असावेत, रुग्णालयाच्या कार्डावर त्यातल्या एकाचं नाव आणि फोन असावा. पोळ्यांच्या बाईंसारखी माणसं शेजारीच आहेत, त्यांना हे काम म्हणून मिळालं तर त्या करतील.

मेच्या शेवटी मावशींनी कमोड खुर्ची परत केली. संडासात आता चाळीने वर्गणी काढून कमोड आणि कठडा बसवला आहे, एकाच खोपटात, आणि बल्ब दोन आहेत. खुर्ची संघाच्या कपाटात चार दिवससुद्धा राहिली नाही. दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे एक गृहस्थ आहेत, ७१ वर्षांचे, कोणाशी फारसं न बोलणारे. वर्गणीही कधी दिली नाही म्हणतात. त्यांचा उजवा हात-पाय गेला आहे. खुर्ची त्यांच्याकडे पोचली. भांडं कोण रिकामं करणार यावर रविवारी गॅलरीत बैठक बोलावली आहे. आत्तापर्यंत येतो म्हणालेत तिघे, त्यात मी आणि मावशी.